अस्लच्या रकान्यात

हनीफ परकार मूळचा दाभोळचा. पण 'मूळचा' म्हटल्यावर त्याचं घराणं सहसा दाभोळवर थांबत नसे. त्याचे वडील हुसेनमियाँ जाळं विणता विणता सांगत, "आपण येमेनातून गलबतानं आलेले. अस्सल अरब." गावात याला कुणी हरकत घेतली नाही, कारण गावात अरब नव्हते.

सौदीतल्या दम्माममध्ये मात्र होते. तिथल्या एका सरकारी विद्यापीठाच्या रसायनशाळेत हनीफ एकवीस वर्षं तंत्रज्ञ होता. हाती पाना असलेल्या प्रत्येक परदेशी माणसाला तिथे 'मुहंदिस' म्हणजे इंजिनिअर म्हणत, म्हणून तो मुहंदिस हनीफ. एरवी नुसता 'हिंदी', म्हणजे भारतीय. सौदीकरणाची वर्षं होती. त्याने शिकवून तयार केलेले चार सौदी त्याच्या वरच्या खुर्च्यांवर जाऊन बसले होते.

२०१३च्या उन्हाळ्यात विद्यापीठाने परदेशी कर्मचाऱ्यांच्या मुलींसाठी दहा जागा काढल्या. अशा जागा आधीही निघत. त्या सीरियन, इजिप्शियन, जॉर्डनच्या मुलींना मिळत. हिंदी, पाकिस्तानी, बंगाली अर्जांची फाइल वेगळी असे आणि ती उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तसा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. लिहिलेला नसल्यामुळे तो मोडताही येत नव्हता.

हनीफची मुलगी इफरा हिला बारावीला सत्त्याण्णव टक्के पडले होते. जागा मिळाली नाही तर चिपळूणला मामाकडे जायचं होतं, आणि मामीने कॉलेजच्या आधी स्थळ पाहून ठेवलं होतं.

अर्ज अरबीत होता. हनीफने तो स्वतः भरला. राष्ट्रीयत्व : हिंदी. पुढे एक रकाना होता, 'अल्-अस्ल', म्हणजे 'मूळ'. इथे त्याचं पेन जरा थांबलं. मग हुसेनमियाँच्या मुलाला शोभेल अशा सुवाच्य अक्षरात त्याने लिहिलं : अरब, येमेन.

यादी लागली. इफराचं नाव सातवं. हनीफची बायको मैमुना हिने शेजारी शिरखुर्मा वाटला. तिसऱ्या दिवशी प्रवेश कचेरीतून हनीफला बोलावणं आलं.

तिथे नायेफ बसे. ब्युरेट कशी धरायची हे त्याला हनीफनेच शिकवलं होतं.

"मुहंदिस, हे काय?" त्याने अर्ज पुढे सरकवला. "सर्टिफिकेट अस्ल आहे की झेरॉक्स, एवढंच विचारलं होतं. तू आजोबा लिहून दिलेस."

हनीफने अर्ज आपल्याकडे फिरवून तो रकाना पुन्हा वाचला.

"कारकुनाने ते वाचून अर्ज अरबांच्या फाइलीत टाकला," नायेफ दार लोटून म्हणाला. "आता तू बोलू नकोस, मी वाचलं नाही. किंवा दुरुस्त कर. मग अर्ज दुसऱ्या फाइलीत जाईल. तिथून कोण कधी बाहेर आलंय, तुला माहीत आहे."

"आणि गप्प बसलो नि कुणी पकडलं तर?"

"खोटी माहिती. इकामा खलास. राहायचा परवानाच जाईल, सगळ्या घराचा." नायेफने घड्याळ पाहिलं. "उद्या दुपारी शिक्का मारायचाय."

घरी मैमुनाचा निकाल तयार होता. "गप ऱ्हावा. चार पिढ्या अरब अरब सांगत आलाव ना? मग आजच काय झालं?"

"अब्बा, मुझे अरब बनके नहीं जाना," इफरा म्हणाली. मग आईला नीट कळावं म्हणून मराठीत : "तुमच्या लॅबमधल्या नौशादचाचांची मेहनाज पुढच्या वर्षी अर्ज करणार. तिने काय लिहायचं? येमेन?"

"मेहनाजचं मेहनाजचा बाप बघेल! तू आधी आत तर जा."

"मग चिपळूणला जाईन. पण ते खोडा."

हनीफ जेवला नाही. आपण खोटं लिहिलं की खरं, हेच त्याला नक्की ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी त्याने 'अरब, येमेन'वर आडवी रेघ मारली, 'सर्टिफिकेट अस्ल आहे' असं लिहिलं आणि सही केली. नायेफ कागद घेऊन डीनच्या खोलीत गेला. हनीफ दोन तास बाहेर उभा होता. बाकं होती, पण बसवेना.

नायेफ बाहेर आला तो घाम पुसतच.

"यादी लागून गेलीय. नाव काढायचं तर फाइलवर कारण लिहावं लागतं."

"मग?"

"टक्के कमी म्हणावं, तर खालच्या तिघींचे हिच्याहून कमी. हिंदी आहे म्हणून, असं लिहायला कुणी पेन काढेना. प्रत्येक जण म्हणतो, तूच लिही." त्याने शिक्का मारलेला कागद हनीफच्या हातात कोंबला. "यल्ला, जा. कुणाला कारण सुचायच्या आत."

सप्टेंबरात पहिल्या दिवशी हनीफने इफराला मुलींच्या विभागाच्या दारावर सोडलं. चौकीदाराने तिच्याकडे पाहून मागच्या बाजूला हात केला. "कामवाल्यांचं दार तिकडे."

"तालिबा," इफरा म्हणाली. विद्यार्थिनी. आणि कार्ड पुढे धरलं.

चौकीदाराने कार्ड वाचलं, उलटून पाहिलं, फोन उचलला. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. पुरुषांना तिथे थांबायला मनाई होती. हनीफला गाडी पुढे काढावी लागली. तीन किलोमीटरवरून वळून तो परत आला तेव्हा दारात कुणी नव्हतं. ती आत गेली की मागच्या दाराला, हे विचारायचं तरी कुणाला? दुपारी दोनपर्यंत त्याने प्रयोगशाळेत दोन चंचुपात्रं फोडली. एकवीस वर्षांतली पहिलीच.

दोन वाजता इफरा पुढच्याच दारातून बाहेर आली.

"काय म्हणाले?"

"अब्बा, एसी बढ़ाओ ना," ती म्हणाली. "कल साढ़े सात बजे लैब में बुलाया है."