न पाहता निकाल नाही
तलमडुगुकडच्या जत्रांमध्ये आमचे हे कुस्तीचे पंच असत. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले. आता जपानच्या हलक्या वजनाच्या पैलवानांची स्पर्धा मी मोबाइलवर पाहून सांगते. कुस्ती कशी झाली ते हे ठरवतात आणि मी वहीत लिहिते.

आज एकादशीचा उपास, त्यात दिवसभर कापूस वेचलेला. माझे डोळे मिटत होते. अंदाजानंच म्हटलं, "लाल चड्डीवाल्यानं उचलून आपटलं. जिंकला."

"कसा उचलन वं? त्याचा गुडघा परवा गेला, तूच सांगतलं."

मी कुस्ती थांबवली.

"थकली असशीन तर झोप. पण न पाहता निकाल मी जलमात देल्ला नाई."

देवाची क्षमा मागितली, तोंडावर पाणी मारलं आणि कुस्ती पहिल्यापासून लावली. लाल चड्डीवाला हरला होता. तसंच लिहिलं.