बंद खोलीतली जांभळी वीज

मागच्या डिसेंबरची चौदा तारीख, रविवार. दारव्ह्याच्या भंगारवाल्याला मी अठराशे रुपये मोजले आणि दुकानाच्या निऑन पाटीचा जुना ट्रान्सफॉर्मर घेतला. हजर तिघेच होतो: तो, मी आणि माझी बायको.

"भाऊ, हे कायले पाहिजे तुमाले?" त्यानं विचारलं.

"यायले वीज पाहाची हाय," बायको माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "घरचं बिल पाहून मन भरलं नाही अजून."

मागच्या खोलीत तांब्याच्या दोन सळया उभ्या केल्या, खाली जवळ, वर दूर. बटण दाबलं की तळाशी ठिणगी पेटे, जांभळी होत हळूहळू वर चढे, टोकाशी विरून जाई. खाली दुसरी जन्मे. हात लांब ठेवायचे, हे मी काटेकोर पाळलं. रोज संध्याकाळी दिवा मालवून आम्ही दोघं पलंगावर बसायचो. विजा कडाडून गेल्यावर येतो तसा तिखट, स्वच्छ वास खोलीभर पसरायचा. हवा धुऊन निघाल्यासारखी वाटे, भिंती कुठे आहेत ते विसरायला होई. बायकोला दमा आहे. ती बोलायची थांबली की मला वाटे, तीही माझ्यासारखीच तरंगते आहे. वहीत मी मिनिटं लिहायचो: पाच, आठ, बारा, वीस. दहा मिनिटांनी वास कमी होतो, अशीही नोंद आहे.

अकराव्या दिवशी तिला स्वयंपाकघराच्या दोन पायऱ्या चढवेनात. डॉक्टरांकडे नेलं.

"ताई, घरात काही जळते का?"

"जळत नाही जी. यायची वीज चढते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ठिणगीनं हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो, म्हणाले. तो घसा आणि फुप्फुसं पोळतो, दम्याच्या माणसाची तर जास्तच. वास कमी होत नाही, नाकाला तो कळेनासा होतो. मग त्यांनी खोलीच्या खिडकीचं विचारलं.

खिडकी होती. उन्हाळ्यात तिच्यात कूलर असतो. दिवाळीनंतर, आपल्याकडे सगळेच करतात तसं, मी कूलर काढून प्लायवूड ठोकला होता, फटींत पोतं कोंबलं होतं. एकही फट राहिली नाही, याचा मला अभिमान होता.

"छाती भरून येते, हे मले सांगाचं नाही का?" घरी आल्यावर मी म्हटलं.

"तुम्ही इतके खूश दिसत होते. म्हटलं, थंडीच असन."

दुसऱ्या दिवशी प्लायवूड काढून तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून घेतला. आता आठवड्यातून एकदा, तीनच मिनिटं, पंखा चालू ठेवून. ती खोलीत येत नाही. व्हरांड्यात, बंद दाराच्या काचेपलीकडे खुर्ची टाकून बसते. वीज चढते तसा तिचा चेहरा जांभळा होतो, मावळतो, पुन्हा होतो. मी विजेकडे कमी आणि तिच्या श्वासाकडे जास्त पाहतो. तो सरळ चालू आहे.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या श्वासाच्या पंपाचे तीनशे नव्वद मेडिकलवाल्याला दिले; पंख्याचे, मजुरी धरून, चौदाशे साठ मिस्त्रीला.