खोक्यांच्या फळ्यांची केबिन

ती दीड पानं मीच खोडली. कंपनीतल्या कुणी तसं सांगितलं नव्हतं, हे आधी लिहून टाकतो; कारण नंतर कित्येक दिवस मी स्वतःला उलटंच सांगत होतो.

ट्रक बनवणाऱ्या एका कंपनीचा इतिहास लिहायचं काम मला मिळालं होतं. कारखाना आता शहराबाहेर आहे, पण सुरुवात परळच्या एका भाड्याच्या शेडमध्ये झाली. त्या शेडमधले सुतार भोईवाड्यातल्या चाळीत मुलाकडे राहतात असं कळलं, म्हणून मी तिथे गेलो. सलग तीन दुपारी गेलो. म्हातारे नव्वदीला टेकलेले, मूळचे मालवणकडचे. पाय गेलेले, पण आठवण लख्ख.

त्यांनी सांगितलं ते कंपनीच्या कुठल्याच फायलीत नव्हतं. इंजिनं परदेशातून मोठमोठ्या लाकडी खोक्यांत यायची. पहिल्या गाडीचा सांगाडा जोडून झाला, इंजिन बसलं, पण केबिनसाठी पत्रा मिळेना. परवाना अडकला होता. दसरा आठवड्यावर आलेला. खंडेनवमीला गाडी पूजेला उभी राहिलीच पाहिजे, असं मालकांनी धरलेलं. तेव्हा यांनी इंजिनांची रिकामी खोकी उकलली, खिळे उपटून ठोकून सरळ केले आणि त्याच फळ्यांची केबिन उभी केली. पूजेला पान्यांच्या शेजारी यांचा रंधा मांडला होता. मालकांनी पहिलं फूल रंध्याला वाहिलं.

मुलगा, साधारण माझ्याच वयाचा, दारात उभा राहून ऐकत होता. "बाबांनी ट्रक काढला, आता विमान तेवढं राहिलंय," तो मला म्हणाला. सून हसली. थट्टा जुनी असावी. म्हाताऱ्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मी निघताना माझा हात धरून ते म्हणाले, "माजा नाव नको घालू, झिला. पन खोक्यांचा ता लिव. छापून इला काय हे गप बसतले."

मी हो म्हणालो. लिहिलंही. खऱ्याखोट्याचा प्रश्न नव्हता; त्या काळातल्या एका फिटरनेही मला हेच सांगितलं होतं. पण शेवटचा हात फिरवताना वाटलं, इतक्या गुळगुळीत, देखण्या पुस्तकात खोक्यांच्या फळ्या कशा दिसतील? पुढचं काम याच लोकांकडून मिळायचं होतं. मी ते खोडलं आणि पहिली गाडी परदेशी तंत्राच्या आधाराने तयार झाली, असं एक वाक्य घातलं. छापून आल्यावर एक प्रत कुरिअरने भोईवाड्याला पाठवली. स्वतः गेलो नाही.

सात-आठ महिन्यांनी दादरला भाजी घेताना त्यांचा मुलगा भेटला. रागावलेला नव्हता. म्हणाला, बाबांनी नातीकडून अख्खं पुस्तक वाचून घेतलं. दोनदा. दुसऱ्यांदा तिला म्हणाले, पानं चिकटली असतील, नीट बघ. त्यानंतर त्यांनी शेडचा विषयच सोडला. कुणी विचारलं तर, माका काय आठवना नाय, एवढंच म्हणतात.

"आम्ही उगाच चिडवायचो हो," तो म्हणाला. "वयाने भास होत असणार त्यांना. तुम्हीही मन राखायला ऐकून घेतलंत."

तिथेच सांगायला हवं होतं. मी मेथीची जुडी निवडत राहिलो.

रविवारी गेलो. म्हातारे बाहेरच्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला ओळखलं, पण बस म्हणाले नाहीत. मी मुलाला, सुनेला आणि नातीला तिथेच बोलावलं आणि त्यांच्यासमोर खाटेपाशी खाली बसलो.

"काका, तुम्ही सांगितलंत ते सगळं खरं होतं. मी लिहिलं होतं आणि मीच खोडलं. मला त्या फळ्यांची लाज वाटली. चुकलो मी. मला माफ करा."