मोगऱ्याची पहिली वेणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या निर्मळ गावचे नाही.

आमची फुलांची वाडी. मोसमातल्या पहिल्या मोगऱ्याची वेणी देवळात जाते आणि ती थोरल्या सुनेने करायची, हा घरचा रिवाज. थोरली मी. पण मी डोंबिवलीची — माझ्या गाठी सुटायच्या. धाकटी जाऊ, सुनीला, लग्न होऊन आली त्याच वर्षी सासूबाईंनी दोरा माझ्या हातातून काढून तिला दिला. ती गप्पा मारत, फुलांकडे न बघता वेणी करायची. काय बोटं आहेत पोरीची, असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या — मी चहा घेऊन उभी असताना. किती वर्षं जळले मी? हसून जळले, एवढं खरं.

मग सुनीलाला स्तनाचा कॅन्सर निघाला. केमो ठरली. औषधाची माहिती इंग्रजीत छापलेली, आणि मी बी.एस्सी. ताई, तुम्हीच वाचून सांगा, म्हणाली. मी ओळीवर बोट ठेवून समजावत गेले. केस जातील, पण बहुतेक परत येतील. तोंड येईल, मऊ खायचं. ताप आला तर घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना. सासूबाई पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होत्या. काय शहाणी वाटत होते मी मला.

एका ओळीवरून मात्र — मी पुढे गेले. बोटांना मुंग्या येऊ शकतात, बोटं बधिर होऊ शकतात. सुरू झालं की डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करू शकतात. चुकून सुटली? नाही. ती मी दोनदा वाचली होती.

सगळ्यांना थोडंच होतं, असं म्हटलं मनाशी. पण तिसऱ्या डोसनंतर सुनीला म्हणालीच — ताई, बोटांना मुंग्या येतात हो, ब्लाउजची हुकं लागत नाहीत. तेव्हा तरी? तेव्हा मी म्हणाले, अशक्तपणा आहे गं, जाईल. डॉक्टरांना उगाच काय सांगायचं. उरलेले डोस तसेच पूर्ण झाले.

आज ती बरी आहे. केस आले, कुरळे आले. बोटांतली जाण आली नाही. हातात दोरा आहे की नाही, ते तिला बघितल्याशिवाय कळत नाही. आधी सांगायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. चूक आपलीच असल्यासारखी तिने मान खाली घातली. मी शेजारच्याच खुर्चीत होते.

यंदा पहिली वेणी मी केली. सुनीला बाजूला बसून मला एकेक कळी देत होती. दोन पडायच्या, एक हातात यायची. माझ्या गाठी घट्ट बसल्या. बसला गं हात तुझा, सासूबाई म्हणाल्या.

मला बरं वाटलं. वाईट वाटायच्या आधी — बरं वाटलं.