शिंगाळ्याचा काटा
परवा धरमपेठेतल्या दवाखान्यात फॉर्मॅलिनचा वास आला आणि उजवा तळवा आपोआप मिटला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, सातवीतून शाळा सोडून मी कोकणातून इथं आलो आणि प्राणिशास्त्राच्या सरांच्या मेहेरबानीनं त्यांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई लागलो. सरांनी आमच्याच किनाऱ्यावरच्या माशांच्या दोन याद्या केल्या होत्या, एक जाळ्यात आलेल्यांची आणि दुसरी कोळ्यांना विचारून केलेली. मी भीत भीत म्हणालो, "सर, खडकांच्या कपारीतले मासे यात नाहीत. ओहोटीला आम्ही ते हातानं चाचपून धरतो." सर हसले. "म्हणजे तुले डोळे बांधूनही ओळखता येते? बांधा गा याचे डोळे." पोरं भोवती जमली. फॉर्मॅलिनच्या बरण्यांतले सात मासे मी बोटांनी ओळखले. आठवा सरांनी स्वतः माझ्या तळव्यावर दाबला, काट्याकडून. जखमेत फॉर्मॅलिन शिरलं. "काहून गा, समुद्र आठवला का?" एका पोरानं विचारलं, तशी सगळी हसली. नोकरी जाईल म्हणून मी हात मागं घेतला नाही. "शिंगाळा, सर," एवढंच म्हणालो. पुढं सुट्टीत गावी जाऊन मी चाचपून केलेली तिसरी यादी अहवालात आली, सरांच्या नावानं. पण त्या दिवशी टेबलावरचं रक्त पुसून मी सरांना थँक्यू म्हटलं होतं, आणि मनापासून म्हटलं होतं, हे आजही घरात कुणाला सांगवत नाही.