व्याह्यांची ठेकी

आता माझी अक्कल कुठवर धावते ते ऐका, फक्त चहाचा घोट आधी गिळून घ्या, नाहीतर ठसका लागन.

माझ्या पोट्ट्याचं, सौरभचं, लग्न जमलं उत्तराखंडातल्या अल्मोड्याकडच्या मुलीशी. बोलणी झाली तेव्हा व्याह्यांनी, म्हणजे बिश्टजींनी, आम्हाले एक ठेकी दिली. ठेकी म्हणजे तिकडचं दही लावायचं लाकडी भांडं. अख्खं एका ओंडक्यातून कोरून काढलेलं, गळ्याभोवती वेलबुट्टी, आतून दह्यातुपानं काळंकुळकुळीत. "अम्मा की निशानी है, समधीजी. संभालिएगा," म्हणून त्यांनी डोळे पुसले. माझ्या बायकोनं, मंदानं, ती शोकेसमध्ये मधोमध ठेवली.

आता अडलं होतं तारखेवर. मले लग्न मे महिन्यात पाहिजे होतं, सारे भाऊबंद सुट्टीत मोकळे असतात. व्याही म्हणत, आमची पहाडातली माणसं नागपूरच्या उन्हात टिकतील का? मी म्हणलं, एप्रिलमध्ये येऊन पाहा. आमच्या हॉलमध्ये कूलरसमोर बसाल तं शाल मागाल.

ते यायच्या आदल्या दिवशी पाहतो तं काय, ठेकीले ही लांब तडा. आपला सुका उन्हाळा, पहाडातलं लाकूड, तडकणारच. अम्माची निशानी फोडणाऱ्या घरात पोरगी कोण देते?

मंदा म्हणे, "डिंक लावून पाहता काय?"

"थांब वं," मी म्हणलं. "हे काम माझं आहे."

कारण माझं बालपण खापा गावातलं, कन्हान नदीकाठचं. उन्हाळ्यात बैलबंडीचं चाक सुकून ढिलं झालं की आम्ही ते कन्हानच्या पाण्यात बुडवून ठेवत होतो. लाकूड फुगते, फट मिटते. पण एप्रिलात बादलीतलं पाणी चहासारखं तापते. थंड पाणी घरात एकाच जागी. कूलरच्या टाकीत. ठेकी आत बुडवली, वर वीट ठेवली, झाकण लावलं. सकाळी काढू म्हणलं.

सकाळी गाडी आली वेळेच्या आधी. आपल्याकडे असं कधी होते काय? त्या धावपळीत ठेकी माझ्या डोक्यातून साफ निघून गेली.

पाहुणे बसले. मी ऐटीत कूलर लावला. गार झोत आला. "वाह, समधीजी," बिश्टजी म्हणाले. मी मंदाकडे असं पाहिलं जसं काही मे महिन्याचा लग्नाचा हॉल बुक झालाच.

अन् मग वास आला. आंबट, खवट, बंद गोठ्यासारखा.

मंदानं मले सैपाकघरात ओढलं. "उंदीर मेला काय हो कुठं?"

"चूप बस. त्यांच्या सामानातलं काही असन. एवढा मोठा प्रवास करून आले."

बाहेर टेबलावर व्याहीणबाईंनी आणलेला तुपाचा डबा होता. मले वाटलं, सापडलं. मी एकदम समजूतदार आवाजात म्हणलं, "भाभीजी, गर्मी में घी थोड़ा खराब हो गया होगा. कोई बात नहीं, दिये में काम आ जाएगा."

व्याहीणबाईंचा चेहरा पडला. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, परत घेतला. मग डबा आपल्या पिशवीत ठेवला अन् पिशवीची चेन लावली. मी मनात म्हणलं, वा रे पठ्ठे, काय सांभाळून घेतलं.

पण वास काही जाईना. मग घालवायचा कसा? मी कूलर फुल्ल केला.

बिश्टजींनी नाकाले रुमाल लावला. थोड्या वेळानं रुमालाआडूनच विचारलं, "वो अम्मा वाली ठेकी नहीं दिख रही?"

मंदानं रिकाम्या शोकेसकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी कूलरकडे पाहून राहिलो होतो.

काय करता, उठलो. कूलरची बाजू काढली, कोपरापर्यंत हात घातला अन् सगळ्यांसमोर अम्माची निशानी बाहेर काढली. पाणी गळून राहिलं, वेलबुट्टीत कूलरचं गवत अडकलेलं. तडा मिटला होता, तेवढा मी आवर्जून दाखवला. बंडीचं चाक, कन्हान, सारं हिंदीत समजावून सांगितलं. माझ्या हिंदीत बंडीचं चाक कसं फुगलं असन ते तुम्हीच समजा.

बिश्टजींनी ठेकी हातात घेतली, नाकाशी नेली अन् हसत सुटले. "ये तो अम्मा के दही की बास है. हम समझे आपके घर में चूहा मरा है, लिहाज़ में बोले नहीं."

सारे हसले. व्याहीणबाई सोडून. त्या म्हणाल्या, "मतलब हमारा घी ठीक था."

"जी," मी म्हणलं. पण वातावरण हलकं झालं असं मले वाटलं, म्हणून लगे हात विचारूनच टाकलं, "तो फिर शादी मई में पक्की?"

बिश्टजींनी बायकोकडे पाहिलं. व्याहीणबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली अन् त्याच म्हणाल्या,

"दिसंबर में, समधीजी. तब आपका कूलर बंद रहेगा. घी भी तभी मिलेगा."