बाटलीतलं चार बोटं पाणी

माझा दादा बावीस वर्षं एकाच पेट्रोल पंपावर, एकाच मशीनपाशी उभा होता. अंगात निळा शर्ट, खिशात हात पुसायचं फडकं आणि तोंडात एकच वाक्य, "झिरो बघून घ्या." समोरचा कितीही घाईत असो, त्यानं मशीनच्या आकड्याकडे बघितल्याशिवाय हा पेट्रोल सोडायचा नाही. एकदा एक साहेब वैतागून म्हणाले, "अरे बाबा, विश्वास आहे तुझ्यावर, भर!" तर हा म्हणतो कसा, "माझा नाही ना तुमच्यावर. उद्या भांडायला याल." आमच्याकडे जेवायला बसला की रिकामं ताट माझ्यापुढे धरायचा. "पोरी, झिरो बघून घे, मग वाढ."

आमचे हे गाड्यांचे मेकॅनिक. घराच्या पुढच्या खोलीतच गॅरेज. ड्युटी सुटली की दादा तिथे यायचा, आडव्या टायरवर बसून चहा प्यायचा. त्या दोघांचं एवढं गुळपीठ की तो माझा भाऊ की ह्यांचा, नव्या माणसाला कळायचं नाही.

मग जुन्या गाड्यांनी छळायला सुरुवात केली. चालता चालता आचके द्यायच्या, रबरी पाइप फुगून मऊ पडायचे, ॲव्हरेज कमी झालं म्हणून लोक बोंबलायचे. आणि खापर कोणाच्या डोक्यावर? मेकॅनिकच्या! एक जुनं गिऱ्हाईक ह्यांच्या तोंडावर म्हणालं, "तुमचा हात गेला आता." ते ह्यांना फार लागलं. दोन दिवस धड जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी एका रिटायर्ड नर्सबाईंची स्कूटर आली. ह्यांनी टाकी उपसून काचेच्या बाटलीत ओतली. जरा वेळ गेला आणि वर पेट्रोल, खाली चार बोटं पाणी, असे सरळ दोन थर दिसले. बाई म्हणाल्या, पेट्रोल नेहमी दादाकडेच भरते.

झालं! हे बाटली घेऊन तडक पंपावर गेले. भर रांगेत ती उंच धरली आणि दादाकडे बोट दाखवून ओरडले, "पाणी विकतो हा माणूस! माझा मेव्हणा आहे म्हणून झाकणार नाही!" लोकांनी मोबाइल काढले. मालकानं आपली कातडी वाचवायला त्याच दुपारी दादाला कायमचं घरी पाठवलं.

संध्याकाळी दादा आमच्याकडे आला. टायरवर बसला नाही, दारातच उभा राहिला.

"भावोजी, टँकरमधून येतं ते मी भरतो. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढवलंय. ते ओल ओढून घेतं आणि तिच्यासकट तळाला बसतं. ते नुसतं पाणी नाहीये. काडी लावून बघा, पेटेल."

"पाणी पेटतं होय?" हे म्हणाले. "आता तू मला शिकवणार?"

आणि मी? सख्खी बहीण मी! मी म्हणाले, "दादा, खोटं बोलायचं तर पटेल असं तरी बोल. पुन्हा ह्या दारात पाऊल टाकू नकोस." माझी जीभ कशी झडली नाही! त्यानं ह्यांच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. मग चपला घालून गेला.

आठ महिने मी फोन केला नाही. त्यानं दोनदा केला, मी उचलला नाही. मग वहिनीचा आला. दादा खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता.

त्यानंतर महिन्याभरानं गॅरेजमधल्या फळीवरचं आवरताना ती बाटली हाताला लागली. ह्यांनी पुरावा म्हणून बूच घट्ट लावून जपून ठेवली होती. मी ती अंगणात नेली. वरचं पेट्रोल काढून टाकलं, खालच्या पाण्यातलं थोडंसं लोखंडी पत्र्यावर ओतलं आणि लांबून काडी टाकली. खरं सांगते, पेटू नये असंच मला वाटत होतं.

काही दिसेना. जवळ हात नेला तर चटका बसला. निळी, इतकी फिकट ज्योत होती ती. मी ह्यांना हाक मारली. हे आले, ज्योतीजवळ हात नेऊन बघितला आणि बाटलीला पुन्हा बूच लावलं.

दुसऱ्या दिवशी हे उरलेलं घेऊन पंपावर गेले, मागोमाग मी. तीच रांगेची वेळ. "इथे उभा असायचा तो माणूस खरा होता!" हे ओरडले. "चुकलो मी! बघा, हे पेटतं!" आणि खिशातून काडेपेटी काढली. मशीनवरच्या नव्या माणसानं झडप घालून ती हिसकावली. "काका, पंपावर काडी ओढता? वेड लागलंय का?"

त्याचं काय चुकलं? खोटा आळ तिथे भर रांगेत घेता आला, खरं मात्र तिथे पेटवून दाखवता येईना. मागून हॉर्न वाजायला लागले. हेल्मेटवाल्या एकानं विचारलं, "कोण माणूस? कोणाबद्दल बोलताय?"

"बावीस वर्षं होता हो इथे," हे म्हणाले.

"बरं बरं, बाजूला व्हा." हेल्मेटवाल्यानं गाडी पुढे घेतली. नव्या माणसानं नोझल टाकीत घातलं, काही न बोलता. मला राहवेना. मी ओरडले, "अहो, झिरो तरी बघून घ्या!"

हेल्मेटवाला मोबाइल बघत होता.